दुसरे यजमान

तौफिकनं आधी केबल ओढली. वायफाय नको म्हणाला,
भिंतीतून येताना त्याला दम लागतो.
मग राउटरमध्ये कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा केला,
रेशनकार्डावर असतो तसा.
झोप बंद. अपडेटला दुपारभर मज्जाव.
निळ्या पडद्यात शिरून एक ओळ चालू केली,
की लांबून हाक मारली तरी पेटीनं उठावं.

"होस्ट तयार."
होस्ट म्हणजे यजमान, मी म्हणालो.
स्वयंपाकघरातून रेवती:
"म्हणजे घरात आता दोन यजमान.
एक तरी हाकेसरशी उठेल."

मॉनिटर बंद केला आणि सगळं अडलं.
बघणारं कुणी नाही,
तर चित्र काढायचं कुणासाठी, असं कार्डाचं म्हणणं.
त्यात चूक तरी काय.
तौफिकनं दुकानातून अंगठ्याएवढा प्लग आणून मागं खोचला.
दोनशे ऐंशी रुपये. आत काहीच नाही त्याच्या,
नुसती खोटी साक्ष:
पडदा आहे, समोर माणूस बसलंय.
पेटीला पटलं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. मिरज.
चार तास डावा हात माझा नसतो.
दोन सुया, दोन नळ्या,
एकीतून जातं, दुसरीतून येतं.
मगदूम सिस्टर फिल्टरवर टिचकी मारतात, हलवू नका म्हणतात.
उजवा मोकळा.
मोकळ्या हाताचं चार तास काय करायचं
हे कुठल्याच फाइलीत लिहिलेलं नाही.
छताचे चौकोन एकशे बारा. दोनदा मोजले.

मोबाईलवरून पहिली हाक मारली
तेव्हा खणभागातल्या बंद खोलीत पंखे फिरले.
इथं ऐकू येणं शक्य नव्हतं. आलं.

मिरज-सांगली नऊ किलोमीटर,
पण माझं बटण म्हणे आधी मुंबईला जातं,
तिथनं उलटं सांगलीला,
आणि चित्र त्याच वाटेनं माघारी.
अडतीस मिलिसेकंद.
माझं रक्त हातभर नळीतून फिरून यायला
याहून कितीतरी रेंगाळतं.

"काय बघालाइस?"
शेजारच्या खुर्चीतले बिरनाळे अण्णा.
अठ्ठावीस वर्षं तासगावचा बेदाणा कोचीनला पोचवला.
डावा हात वापरून संपला, सुया आता उजव्यात.
"ट्रक हाय, अण्णा."
"चालवालाइस, का नुसतं बघालाइस?"

गेमपॅड मग दोन खुर्च्यांच्या मधे, स्टुलावर.
डावी काडी स्टिअरिंग, डावं बटण ब्रेक: अण्णा.
उजवं बटण ॲक्सिलेटर: मी.
परदेशातला रस्ता, दोन्हीकडं बर्फ.
"गाव कुठलं?"
"नाव वाचता येईना."
"मग बरं हाय. वळखीच्या रस्त्यावर झोप लागती."

पहिल्या वळणाला झाडात.
दुसऱ्या वळणाला टोलनाका.
"वळणात गॅस सोड की रं! माल काय तुझ्या बाचा हाय?"
"बिरनाळे, बीपी," मगदूम सिस्टर.
तिसऱ्या आठवड्यात घाट उतरलो, अख्खा,
एक शब्द न बोलता.
खाली आल्यावर अण्णांनी चहा मागितला,
त्यांना चहा किती चालतो ते माहीत असून.

गेल्या शनिवारी सांगलीत लाईट गेली.
ट्रक पुलाच्या मधोमध गोठला.
मी बोट काढलं.
अण्णांचा अंगठा मात्र काडीवर तसाच,
मिनिटभर, हळूहळू वळत,
आम्हाला न दिसणाऱ्या रस्त्यावर.

रात्री रेवतीनं विचारलं, "आज कुठवर?"
"पुलापर्यंत."
लाईट आल्यावर पेटी आपली आपण उठली होती,
तौफिकनं तेही बजावून ठेवलेलं.
पट्टी बांधलेला हात तिच्यावर टेकला.
माझ्या मनगटात जोडलेली शीर सतत थरथरते,
तिचे पंखेही.
कुठली थरथर कुणाची, कळेना.
मागं तो अंगठ्याएवढा प्लग अजून सांगतच होता,
समोर माणूस बसलंय.
त्याला कशाला खोटं पाडायचं.
खुर्ची ओढली.